वेलीपलीकडची बयजाबू

फार वर्षांपूर्वी हरणटोकच्या डोंगरावर ढग पाहुण्यासारखे यायचे आणि घरजावयासारखे राहायचे, तेव्हाची ही गोष्ट. आषाढ लागला की सूर्य जो दडी मारायचा तो थेट दसऱ्याला दिसायचा. मधल्या काळात जन्मलेली पोरं पहिल्यांदा ऊन बघून भोकाड पसरायची, असं म्हणतात. हसा, हसा. तुमचे खापरपणजोबाही त्यांतलेच एक.

हरणटोक म्हणजे काही मोठं राज्य नव्हतं. एक डोंगर, त्याच्या अंगाखांद्यावर वाड्या, माथ्यावर राणाचा गड आणि कोकणात उतरायला एकच खिंड. मीठ त्या खिंडीतून यायचं, सुकी मासळी त्याच खिंडीतून यायची, आणि एकदा शत्रूही तिथूनच आला. ऐन पावसात, धुक्यात, मीठवाल्यांचा वेश घेऊन, "आम्ही तुमचेच, वाट चुकलो" असं म्हणत आला आणि वाड्याच्या वाड्या कापून गेला. तेव्हाच्या राणानं रक्तात हात बुडवून कायदा केला. आषाढात दिवस नेमायचा, आणि त्या दिवशी सांजेला खिंडीत या कड्यापासून त्या कड्यापर्यंत गारंबीचा वेल बांधायचा. मांडीएवढा जाड असतो तो. भगतानं वेल बांधून शिंग फुंकलं की खिंड बंद. आत असेल तो जिता, बाहेर राहील तो मेला.

मेला म्हणजे मेलाच हो! त्याच्या नावानं गवताचा माणूस करायचा आणि जाळायचा. त्याच्या चुलीवर पाणी ओतायचं, बायकोच्या बांगड्या फोडायच्या, दहाव्याला गाव जेवायचं. मग तो बिचारा खिंडीत येऊन घसा फाटेस्तोवर ओरडला, तरी ते भूत. भुताला ओ द्यायची नाही, विस्तव द्यायचा नाही, घोटभर पाणी द्यायचं नाही. दसऱ्याला वेल सुटायचा, मीठ यायला लागायचं, पण मेलेला काही जिता व्हायचा नाही. दिसला तरी लोक डोंगराकडं बघत पुढं जायचे.

या हरणटोकात बयजा नावाची बाई राहायची. हट्टी! किती हट्टी म्हणाल तर पाळण्यात ठेवलेलं पहिलं नाव तिला आवडलं नाही म्हणून ती रडत राहिली, आणि दुसरं ठेवल्यावर गप्प झाली, असं म्हणतात. तिचा नवरा सटवा. मिठाच्या बैलांचा तांडा हाकायचा. माणूस गरीब, पण आवाज असा की या डोंगरावरून त्यानं "हो" म्हटलं की त्या डोंगरावरचा बैल थांबायचा. बयजाचं त्याच्यावर फार प्रेम होतं. तोंडानं कधी बोलली नाही. तो घाट चढून येताना लांबून हाळी द्यायचा आणि ती इकडं तव्यावर भाकरी टाकायची, एवढंच.

एका वर्षी गडावरच्या कोठारात पाणी शिरलं आणि सगळं मीठ वाहून गेलं. वेल बांधायचा दिवस तोंडावर आला होता. तेव्हा खेमराणा राज्य करत होता. माणूस करडा, पण सरळ. त्यानं सटवाला बोलावलं.

"सटवा, मीठ न्हाई तर चार महिने राज्य खाणार काय? जा, आणि वेळेत ये."

सटवा गेला. येताना दरड कोसळली. बैल दरीत गेले, सटवाचा पाय खडकाखाली चेंगरला. आणि इकडं दिवस उजाडला, सांज झाली, मालू भगतानं वेल बांधला, शिंग फुंकलं.

बयजानं गवताच्या माणसाकडं बघितलंसुद्धा नाही. भगत तिच्या चुलीवर पाणी ओतायला आला, त्याच्या आधीच तिनं चुलीतला एक निखारा मडक्यात घालून वर राख लोटली होती. बायका बांगड्या फोडायला दगड घेऊन आल्या, तेव्हा ती म्हणाली, "मला मढं दाखवा, मग फोडते." मढं कोण दाखवणार? तिनं हाताला तेल लावून बांगड्या एकेक करून उतरवल्या, कणगीत नाचणीखाली ठेवल्या आणि दार लावून घेतलं.

आता जरा पलीकडं चला, वेलीच्या कोकणाकडच्या बाजूला. तिथं कड्यात एक गुहा आहे. आदल्या हिवाळ्यात त्या गुहेत एक म्हातारा फकीर येऊन राहिला होता. लांब कुठल्या तरी मुलखातून गलबतानं बंदरात उतरलेला, आणि तिथून पायी पायी डोंगर चढत आलेला. नाव इद्रीसबाबा. जवळ एक कांबळं, एक पाण्याचं भांडं. खेमराणानं त्याला सांगितलं होतं, "राहायचं तर खुशाल राहा, पण खिंडीच्या पलीकडं."

हा बाबा दिवसातून पाच वेळा कड्यावर उभा राहायचा, कानांवर हात ठेवायचा आणि मोठ्यानं हाक द्यायचा. अजान द्यायचा, पण आपल्या लोकांना काय माहीत अजान कशाशी खातात? त्यांना वाटलं, म्हाताऱ्याची गाय हरवलीय. दोघंचौघं तर गुराखी होऊन गेले त्याच्याकडं.

"बाबा, गाय कुठल्या रंगाची?"

बाबा हसून हसून खाली बसला. म्हणाला, "गाय नाही रे. ही हाक माणसांसाठी. सगळ्यांचा मालक एक आहे, त्याच्याकडं या, असं म्हणतोय मी." गुराखी म्हणाले, बरं बरं, आणि परत आले. पण बायका त्या हाकेवर भात चढवायला लागल्या. सूर्य नसलेल्या मुलखात वेळ कळायची सोय झाली ना!

दरडीखाली पडलेल्या सटवानं ती हाक ऐकली आणि खडकाखालचा पाय ओढून काढला. डोळ्यांना पुढचा हात दिसत नव्हता, धुकं एवढं दाट. पण हाक येत होती. हाकेकडं सरपटायचं, हाक थांबली की थांबायचं, पुन्हा आली की पुन्हा सरपटायचं. असा तो गुहेपाशी पोचला. बाबानं त्याचा पाय ओढून बसवला, बांबूच्या कामट्यांनी बांधला, आणि स्वतःच्या भांड्यातून त्याला पाणी पाजलं. पाय जुळला, पण जरा वाकडा जुळला. पाऊल बाहेर वळलं, टाच पुढं आली.

अर्धा श्रावण सरला तेव्हा सटवा काठी टेकत, बाबाच्या खांद्याला धरून वेलीपाशी आला आणि त्यानं हाळी दिली. "बये!"

गोठ्यागोठ्यातल्या बैलांनी कान टवकारले आणि सगळे एकदम हंबरले, असं म्हणतात. बैलांना कायदा कुठं ठाऊक असतो! बयजा तवा टाकून धावत सुटली. तिच्यामागं गाव धावलं. पण वेलीपाशी मालू भगत काठी आडवी धरून उभा होता.

"भूत हाय त्ये! सावली बघा, हाय का सावली?"

लोकांनी बघितलं. सावली नव्हती. बाया किंचाळल्या.

"आनि पाय बघा, पाय! टाच म्होरं!"

तेही खरं होतं. भुताचे पाय उलटे असतात हे तर शेंबड्या पोरालाही माहीत.

बयजा ओरडली, "अवं, पाय मोडला की वाकडाच बसतोय! तुमच्या ढवळ्या बैलाचा बसला, तवा त्येला न्हाई भूत म्हनलात! आनि ह्या धुक्यात सावली कुनाची पडती? तुमची पडती का?"

मालू भगत खाली बघणार होता, पण बघितलं नाही. म्हणाला, "आमी जिते हाओत, पोरी. आमाला सावली दाखवायचं कारन काय?"

घ्या! याला म्हणतात शहाणपण. आणि सगळं गाव माना डोलवत होतं.

खेमराणा गडावरून उतरून आला. त्यानं सटवाकडं बघितलं. आपण पाठवला म्हणून हा माणूस गेला होता, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण तो म्हणाला, "माझा सख्खा धाकटा भाऊ, उदयराणा. असाच उशिरा आला. ह्याच जागी उभा राहून मला दादा, दादा म्हणून हाका मारत होता. मी ओ दिली न्हाई. त्येच्या गवताला मी माझ्या हातानं आग लावली. भावासाठी जो कायदा मोडला न्हाई, त्यो सटवासाठी मोडू? ह्यो मेला हाय. आनि वेलीपलीकडं जो पाय टाकील, त्यो बी मेला."

बयजा घरी गेली. लोकांना वाटलं, चला, शहाणी झाली. पण ती परत आली ती डोक्यावर इरलं घेऊन, काखेत नाचणीचं गाठोडं, हातात निखाऱ्याचं मडकं. कणगीतल्या बांगड्या तिनं मनगटात चढवल्या होत्या. साऱ्या गावासमोर ती हात वर करून उभी राहिली, म्हणजे बांगड्या सगळ्यांना दिसाव्यात.

"मी मेले तर मेले. पर ह्यो मेला न्हाई. आनि ह्ये तुमच्या तोंडून वदवल्याबिगर मी सरनावर जानार न्हाई."

असं म्हणून ती वेलीखालून वाकून पलीकडं गेली. तिची बहीण रडली, पण तोंड फिरवून रडली. मेलेल्यांकडं बघून रडायलाही बंदी होती ना!

गुहेत जाईपर्यंत असा पाऊस झोडपत होता की इरल्याच्या चिंध्या झाल्या. पण मडक्यातला निखारा विझला नाही, असं म्हणतात. त्या निखाऱ्यावर तिनं चूल पेटवली, भाकऱ्या केल्या आणि तिघं एका थाळीत जेवले. बाबानं पहिला घास मोडून सटवाच्या हातात दिला. मेल्यापासून सटवाच्या हातात कुणी इतक्या मायेनं घास दिलाय हे बघून बयजाला हुंदका आवरेना. वर बघितलं तर गावातून धूर निघत होता. तिच्या नावाचा गवताचा माणूस जळत होता. डोळे पुसून ती म्हणाली, "जळू द्या. गुरांच्या तोंडचा चारा तेवढा फुकट गेला."

मग तिनं बाबाला विचारलं, "बाबा, तुमचा देव मेलेल्यांना घरात घेतो का?"

बाबा म्हणाला, "बेटी, तो तर मेलेल्यांनाही उठवणार आहे. आणि तू तर जिवंत आहेस. त्याच्या दारात उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही. हात-पाय-तोंड धुवायचं आणि उभं राहायचं. राणा असो नाहीतर बैलवाला, खांद्याला खांदा लावून."

बयजा म्हणाली, "मंग मला त्या दारातच उभं ऱ्हायचंय. माझ्या मानसासकट मला घेनारं दार त्येच येक हाय."

बाबा म्हणाला, "घाई करू नको. पोट भरलं म्हणून येऊ नको. समजून घे, मग ये." ती रोज विचारायची, बाबा सांगायचा, ती पुन्हा विचारायची. तिच्या प्रश्नांनी बाबाची दाढी होती त्याहून पांढरी झाली. सरता पाऊस आला तेव्हा तिनं आणि सटवानं कलमा म्हटला. हरणटोकच्या डोंगरावर पहिल्यांदा म्हटला गेला तो असा. बाबानं त्यांची नावं बदलली नाहीत. म्हणाला, आईनं ठेवलेलं नाव चांगलं आहे. नावामागं मानाचं 'बू' लागलं, बयजाची बयजाबू झाली एवढंच.

दसऱ्याला वेल सुटला. बाबा म्हणाला, "बेटी, चल, आपण खाली बंदरात जाऊ. तिथं आपली माणसं आहेत, मशीद आहे. तुला कुणी मेलेली म्हणणार नाही."

"न्हाई बाबा," बयजाबू म्हणाली. "तितं मला जिती म्हनतील, त्यात काय मोठं? तितं मी मेलेच कुटं हुते? जितं मारलं, तितंच जिती म्हनवून घीन."

बाबा हसला आणि त्यानं कांबळं परत अंथरलं.

तेव्हापासून बयजाबू रोज सकाळी खिंडीत जायची, वेलीच्या जागेपाशी उभी राहायची आणि मोठ्यानं सांगायची, "माझा नवरा जिता हाय." येणारे-जाणारे डोंगराकडं बघत निघून जायचे. थंडी गेली, होळी गेली, आंब्याला मोहर येऊन कैऱ्या धरल्या, तरी तिचं रोजचं सांगणं काही चुकलं नाही. तिची सख्खी बहीण एकदा मिठाची पाटी घेऊन समोरून गेली आणि तीही डोंगराकडं बघत गेली. त्या दिवशी बयजाबू गुहेत येऊन खूप रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

तिच्या चुलीचा धूर बघून आणि बाबाची हाक ऐकून रानातले बाकीचे मेलेलेही एकेक करून गुहेपाशी यायला लागले. कुणी मध काढायला गेलेला, कुणी बाजारात अडकलेला. एक होती ठकूआजी. लेकीचं बाळंतपण करायला कोकणात गेली होती, मूल आडवं आलं म्हणून तिला उशीर झाला, आणि आली तोवर तिची चूल विझवलेली. हिनं एक जीव जगात आणला आणि गावानं हिलाच मारून टाकलं! ही सगळी माणसं बयजाबूच्या चुलीवरचं खाऊन राहिली. काहींनी बाबाची वाट धरली, काहींनी आपला देव सोडला नाही. थाळी सगळ्यांची एकच होती.

पुढच्या पावसाच्या तोंडावर ओल बाधली आणि बाबाचा घसा बसला. हाक निघेना. बाबानं सटवाला खूण केली. सटवा लाजला, म्हणाला, मी बैलवाला. बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मालकानं तुला एवढा आवाज काय नुसता बैलांसाठी दिला?" मग सटवा कड्यावर उभा राहिला आणि त्यानं अजान दिली. गडावर खेमराणाच्या हातातला घास हातातच राहिला, असं म्हणतात. मेलेला माणूस पाच वेळा हाक देतोय आणि सगळं राज्य ती ऐकतंय!

त्याच आषाढात खेमराणाची लेक गिरजा पहिलटकरीण होती. दिलेली कोकणात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत राणालाही चुकत नाही. तो स्वतः डोली घेऊन तिला आणायला गेला. वेल बांधायचा त्याच दिवशी परतीला घाट चढत असताना धुकं उतरलं. असं धुकं की पुढच्या भोयाला मागचा भोई दिसेना. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, आणि डोलीत पोरीला कळा सुरू झाल्या. भोई जागीच थिजले. खेमराणा आयुष्यात पहिल्यांदा घाबरला.

आणि वरून सटवाची हाक आली.

"भूत! राणाजी, भूत हाय त्ये!" भोई ओरडले.

"भूत असू दे न्हाईतर यम," राणा म्हणाला, "वाट त्येलाच ठाव हाय. आवाजाच्या रोखानं चला!"

चालले. पण अजान ती किती वेळ चालणार? ती संपली आणि पुन्हा सगळं मुकं झालं. इकडं कड्यावर बयजाबूचे कान तीक्ष्ण. तिनं खालून पोरीचं कण्हणं ऐकलं आणि ती नवऱ्याला म्हणाली, "थांबू नगा! खाली कुनीतरी हाय. वरडत ऱ्हावा!" मग सटवा तांडा हाकताना ओरडायचा तसा ओरडत राहिला. "हो... हो... चल राजा, चल ढवळ्या, वर ये, हो..." बैलांना घालायच्या त्या हाळ्यांवर हरणटोकचा राणा पाऊल पाऊल घाट चढला.

तो गुहेपाशी पोचला आणि त्याच वेळी वेलीकडून मालू भगताचं शिंग वाजलं. वेल बांधला गेला होता आणि राणा बाहेर होता.

  ठकूआजीनं गिरजाला आत घेतलं. बयजाबूनं चुलीत लाकडं सारली, पाणी तापवलं. खेमराणा गुहेच्या तोंडाशी दगडावर बसून राहिला. त्याचा घसा कोरडा पडला होता, पण मेलेल्यांच्या हातचं पाणी मागायचं कसं? बयजाबूनंच बाबाचं भांडं भरून त्याच्यापुढं धरलं.

"घ्या राणाजी. मेलेल्याला तहान लागत न्हाई. तुमाला लागलीय."

राणानं भांडं दोन्ही हातांनी घेतलं आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. उजाडताना आतून बाळाचं रडणं आलं. मुलगी झाली होती. मेलेल्या सुईणीच्या हातून, मेलेल्या आईला. आता ती पोर जिती म्हणायची की मेली? कायदा करणाऱ्यानं एवढा विचार कुठं केला होता!

सकाळी सगळे वेलीपाशी आले. पलीकडं सारं राज्य जमलं होतं. मालू भगताच्या हातात गवताचा भारा होता, पण राणाचा माणूस करायला त्याचे हात धजत नव्हते. राणाला बघताच त्यानं भारा फेकला आणि तो वेल वर उचलायला धावला.

"या राणाजी, या! राजाला कसला कायदा?"

राणा वाकला. तेवढ्यात बयजाबू पुढं झाली आणि त्याच्या आणि वेलीच्या मध्ये उभी राहिली. एवढीशी बाई ती, अंगावर ठिगळांचं लुगडं.

"राणाजी, सावली दाखवा."

 राणानं खाली बघितलं. धुकं होतं. सावली नव्हती.

"तुमचीबी न्हाई," बयजाबू म्हणाली. "आता तुमी आत जाल, कारन तुमी राजे. खुशाल जा. पर राजा म्हनून गेलात तर माझा नवरा मेलेलाच ऱ्हातोय, आनि ही तुमची नातबी. जिता मानूस म्हनून जायचं आसंल, तर आदी त्याला जिता म्हना. तुमच्याच मिठासाठी गेला हुता त्यो."

 मग तो जे बोलला ते फार हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं, असं म्हणतात.

"बयजा, सटवाला जिता म्हनलं तर माझा उदयबी त्या दिवशी जिता हुता. मंग मी काय केलं?"

बयजाबूला त्याच्यावर संतापायचं होतं. वर्षभर तिनं त्यासाठी शब्द जपून ठेवले होते. पण म्हाताऱ्या राणाच्या डोळ्यांतून पाणी गळताना बघून तिचा राग कुठल्या कुठं गेला. ती म्हणाली, "केलं त्ये केलं, राणाजी. त्येच्यापायी आनखी किती मारनार?"

इद्रीसबाबा बाजूला काठीवर हात ठेवून उभा होता.  

खेमराणा वळला. त्यानं सटवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दरीला ऐकू जाईल असा ओरडला, "सटवा जिता हाय! बयजा जिती हाय! ठकू जिती हाय! आनि माझा भाऊ उदय, त्योबी जिता हुता, मीच बहिरा झालो!"

तेव्हा, आषाढात, जे कुणी कधी बघितलं नव्हतं ते झालं. धुकं मधोमध फाटलं आणि खिंडीत ऊन पडलं. सगळ्यांच्या सावल्या पडल्या, राणाची, भगताची, बाळाची, आणि वाकड्या पायाच्या सटवाची सगळ्यांत लांब. पलीकडच्या वाडीतले लोक सांगतात की ऊन आधी पडलं आणि मग राणा बोलला. त्यांचं ऐकू नका. आधी ऊन पडलं असतं तर आंधळ्यानंही सटवाला जिता म्हटलं असतं. राणा धुक्यात बोलला, म्हणून तर गोष्ट राहिली.

राणानं वेल तोडायला कुऱ्हाड मागितली. बयजाबूनं तोडू दिला नाही. म्हणाली, शत्रू यायचा तो येणारच, वेल असू दे. पण हाक दिल्याबिगर बांधायचा नाही, आणि उशिरा आलेल्याला आत घ्यायचं. मग ती निखाऱ्याचं मडकं घेऊन, सटवाचा हात धरून, भर उन्हात वेलीखालून आली आणि आपल्या विझलेल्या चुलीपुढं जाऊन बसली. तिची बहीण दारात उभी होती. बयजाबूनं तिला बघितलं आणि म्हणाली, "आता आत येतीस का अजून डोंगराकडंच बघतीस?" दोघी गळ्यात पडून रडल्या.

खेमराणा आपल्या देवाचाच राहिला. पण खिंडीतली जागा त्यानं गुहेतल्या माणसांना दिली आणि तिथं दगडांची छोटी मशीद उभी राहिली. पहिला दगड मालू भगतानं वाहिला, असं म्हणतात, तोही मान खाली घालून. कुणी कुणावर जोर केला नाही. ज्याला वाटलं तो आला, ज्याला नाही वाटलं तो नाही आला, आणि ज्यांना परत यायला उशीर झाला होता त्यांतल्या बाबाच्या वाटेनं गेलेल्यांची घरं आज आपली मुसलमानवाडी आहे. इद्रीसबाबा मात्र घसा सुटल्यावर एके दिवशी कांबळं उचलून पुढच्या डोंगराकडं निघून गेला. त्याची कबर कुठं आहे कुणाला माहीत नाही. बयजाबू आणि सटवा इथंच म्हातारे झाले. खिंडीत मशिदीच्या अंगाला दोन कबरी आहेत, त्यांतली एक जरा वाकडी आहे. ती कुणाची हे सांगायला नको.

आजही आषाढात वेलीचा दिवस येतो. आता घाटातून मोटारी जातात, वेल बांधतात तो नावाला. पण त्या दिवशी सांजेला मशिदीतून अजान होते, आणि ती संपली की भोंगा बंद करून कुणीतरी खणखणीत आवाजाचा माणूस कड्यावर जातो आणि बैलांना घालतात तशा हाळ्या घालतो. "हो... वर ये, हो..." सगळ्यांत आधी उदयराणाच्या नावानं घालतो. मग जरा थांबतात. कुणी आलं नाही तरी थांबतात. त्यानंतरच भगताच्या घरचा माणूस शिंग फुंकतो. बयजाबूच्या चुलीतला, आजवर विझू न दिलेला निखारा सगळ्या वाड्यांत घरोघर जातो, आणि त्या रात्री कुणी दाराला कडी लावत नाही. गवताचा माणूस आपल्याकडं कुणीच करत नाही. गवत गुरांना घालतात.

आणि पावसाळ्यात कुणी उशिरा, चिंब भिजून घरी आला, तर दारातच त्याला विचारतात, "सावली कुठाय रे?"

तो म्हणतो, "तुझी कुठाय?"

मग त्याला आत घेतात आणि तव्यावर भाकरी टाकतात.